तिसरा पर्याय फक्त भरतीला

गिऱ्हाइकाला एकच डिझाइन दाखवायचं नसतं, हे आमच्या धंद्यात कोणी शिकवत नाही, मार खाऊन कळतं. एकच दाखवलं की समोरचा त्यात खोड काढतो, कारण त्यालाही काहीतरी बोलावंच लागतं. म्हणून तीन दाखवायची. एक सभ्य, एक आपल्या मनातलं आणि तिसरं नुसतं भरतीला. ते बाजूला सारलं की माणसाला आपण निवड केल्याचं समाधान मिळतं आणि आपल्या मनातलं पुढे सरकतं. शनिवार पेठेतल्या एका दुकानावरच्या खोलीत मी आणि माझी मैत्रीण वर्षानुवर्षं हेच करत आलो. लोणची, मसाले, चिवडा, उदबत्त्या यांची पाकिटं आणि लेबलं. पुण्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत आमचं काहीतरी उभं असेल, असा आमचा समज होता.

कधीकधी भरतीचंच निवडलं जायचं. गिऱ्हाईक गेलं की आम्ही दोघी पोट धरून हसायचो आणि निमूटपणे तेच छापायला द्यायचो.

मग हसण्याचे दिवस सरले. लोक मोबाइलमध्ये तयार डिझाइन घेऊनच जिना चढायला लागले. "पुतण्यानं केलंय, एआयवर. तुम्ही फक्त जरा नीटनेटकं करून द्या." एका मसालेवाल्यांना मी म्हटलं, "अहो, यातल्या मिरच्यांना देठच नाहीत." ते शांतपणे म्हणाले, "आम्ही देठ काढूनच दळतो, मॅडम."

काम आटलं तसं आम्ही मिळेल ते घ्यायला लागलो. वाढदिवसाचे फ्लेक्स, क्लासची पत्रकं, सोसायटीच्या पार्किंगच्या पाट्या. मैत्रीण रोज विश्रांतवाडीहून गाडीवर यायची आणि हेल्मेट काढता काढता विचारायची, "आपलं पुढे काय ठरलंय?" मी म्हणायची, "बघू." त्या शब्दाचा मला आता संताप येतो. पण खरंच, दुसरं काही तोंडातून निघत नव्हतं. रोज सकाळी जिना चढताना रडू यायचं, आणि वर पोचले की मी कुठल्यातरी पाटीचा फॉन्ट बदलत बसायची. फॉन्ट बदलला की काहीतरी ठरवल्यासारखं वाटतं.

अशात खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं विचारलं. दोघींनी नोकरीत यायचं, त्यांच्या ॲपचे स्क्रीन करायचे. एकटी नको, जोडीच हवी. उत्तर सोमवारी. मैत्रीण म्हणाली, "या वेळी 'बघू' चालायचं नाही हं. रविवारी दुपारी बसू. तू विचार करून ये."

मी विचार केला नाही. मी प्रेझेंटेशन केलं.

पहिल्या पानावर नोकरी. त्याला करडा रंग आणि काचेच्या इमारतीचा एक रुक्ष फोटो. दुसऱ्या पानावर माझ्या मनातलं: फुटकळ कामं बंद, फक्त खाण्याच्या वस्तूंची पाकिटं आणि बाटल्या, जे आम्हाला खरोखर येतं तेवढंच. त्याला हळदीचा पिवळा रंग, आमच्या कामाचे सगळ्यात देखणे फोटो, काय सोडायचं, काय धरायचं, कोणाकडे जायचं, सगळं बाणांनी दाखवलेलं. हे मला कधीपासून करायचं होतं, पण नुसतं तोंडानं म्हणायचा धीर होत नव्हता. दोनच पानं बरी दिसेनात, म्हणून तिसरं टाकलं. स्टुडिओ बंद, जिची तिची वाट वेगळी. एक ओळ, साधा काळा फॉन्ट.

रविवारी आमच्या खोलीत तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिन्ही पानं पाहिली. मागे जाऊन पुन्हा पाहिली. ती दुसऱ्यावर बराच वेळ थांबली तेव्हा मला वाटलं, जमलं.

"तिसरं," ती म्हणाली.

मी हसले. "अगं, ते भरतीला आहे."

"कळलं मला. धंदा माझाही तोच आहे."

ती हसत नव्हती. मी भडाभडा बोलायला लागले, की दुसऱ्यात किती दम आहे, फुटकळ कामं सोडली तर वर्षभरात बस्तान बसेल, वगैरे. गिऱ्हाइकासमोर बोलतो तसंच. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"छान आहे ते," ती म्हणाली. "लोणची आहेत, मसाले आहेत, बाण आहेत. मी कुठे आहे त्यात?"

मी पान पाहिलं. ती नव्हती. मीही नव्हते म्हणा, पण मी असणारच होते. पान माझंच होतं. ती बरोबर असणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की लिहायचं सुचलंच नाही.

"पहिल्यात मी आहे, कारण कंपनीला जोडी हवीय," ती म्हणाली. "तिसऱ्यात निदान मी माझी मी आहे. तू एवढे दिवस काही ठरवत नव्हतीस, म्हणून मी घरी एकटीच ठरवत बसायची. दमले गं मी."

तेव्हा कुठे माझी वाचा फुटली, आणि फुटली ती रडण्यातच. मी म्हटलं, मला ही नोकरी नकोय, पाकिटं आणि बाटल्यासुद्धा गेल्या खड्ड्यात, मला तुझ्याबरोबर काम करायचंय. तुझ्याशिवाय मला जमणार नाही आणि करायचंही नाही.

तिचेही डोळे भरले होते.

"हे पहिल्या पानावर टाकायचं होतंस," ती म्हणाली.

"आता उशीर झाला का?"

"हो."

तिसरं पान ठरलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत इतक्या लवकर झालेला तो एकमेव निर्णय.