कोऱ्या समासावरचं बोट

तुमच्या अंगावरचं झुळझुळीत रेयॉन कशापासून आणि कोणी बनवलं, हे तुम्ही कधी विचारलंत?

लालबागच्या नाक्यावर मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटायचो. एक कोकणी कामगार रोज पत्रक घ्यायचा, ते परत माझ्याच हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तूच वाच." एके दिवशी गोळीबारात गेलेल्यांबद्दल वाचताना त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी म्हणालो, "काका, हे अश्रू वाया जाणार नाहीत."

"रडत नाय रे," पंच्याने डोळे टिपत तो म्हणाला. "रोज इथून कल्याणपलीकडे रेयॉनच्या कारखान्यात जातो मी. लाकडाचा लगदा विरघळवून आम्ही त्याचं सूत काढतो. ॲसिडच्या टाकीतून गॅस उठतो, तो डोळ्यांना लागतो. आधी चाळीला पेपर मीच वाचून दाखवायचो." मग त्याने पत्रकावर बोट ठेवलं, ते नेमकं कोऱ्या समासावर. "यात आमच्या डोळ्यांचं काय लिवलंय?"

काहीच नव्हतं. ते पत्रक मीच लिहिलं होतं.

तुम्ही जाल त्या पुढच्या सभेत मागण्या वाचल्या जातील, तेव्हा कृपा करून उभे राहा आणि त्याचा हा प्रश्न मोठ्याने विचारा.