दवंडीचं शेवटचं वाक्य

वरवट बकालजवळच्या त्या गावात दवंडी सुरू झाली की बायका चूल सोडून दारात येत आणि शेवटचं वाक्य येईपर्यंत तिथंच थांबत. उकर्डा कोतवाल डफड्यावर अखेरची थाप मारून एक तर म्हणे, "सरकार म्हंते!" नाहीतर म्हणे, "म्या पाह्यलं!" पहिलं ऐकलं की लोक कामाला लागत. दुसऱ्यावर विश्वास ठेवत.

मी शाळेत नवा मास्तर. मला ही मुजोरी वाटली. विचारलं, तेव्हा म्हणाला, "एकदा म्या वरडून सांगतलं, गुरुजी, का सरकार धान्य फक्त पाहणार, नेणार नाही. लोकायनं कणग्या दाखवल्या. गाड्या भरून नेलं. लोकं सरकारच्या नाही, माह्या आवाजानं फसले."

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात कॉलऱ्यानं दोन माणसं गेली. आरोग्य खात्याचा माणूस आला आणि आमच्या विहिरीत पांढरी पावडर टाकली. पाण्याला वास येऊ लागला. सारजाआजीनं त्याच्यापुढे तांब्या धरला, "आधी तू पे, बाबू." तो म्हणाला, "आत्ताच चहा झाला." झालं! हे पाणी प्यायलं की लेकरं होत नाहीत, अशी बातमी गावभर पसरली आणि बायका नाल्याचं गढूळ पाणी भरू लागल्या.

उकर्डानं दवंडी दिली, "विहिरीचंच पाणी प्या हो! सरकार म्हंते!"

त्याला कुणीतरी फितवलंय, असा मला संशय आला. मी त्याला शाळेपुढे अडवलं. "पाह्यलं म्हण ना! माणसं मरतील."

त्यानं मला निरखून पाहिलं. मला सरकारनं पढवलंय, असा त्यालाही संशय येत असावा.

"कसं म्हणू? त्या विहिरीवर मले चढू देतात काय?"

वर्षभर मी त्याच विहिरीचं पाणी पीत होतो. मला हे ठाऊक होतं, सुचलं मात्र नव्हतं.

"मी ओततो, तू पी."

"वरून ओतलेलं लय पेलो, गुरुजी. माह्या हातानं काढीन, त मंग म्हणीन."

दुसऱ्या दिवशी उकर्डा विहिरीकडे निघाला, तसं तिथं गाव जमलं. सरपंच माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे तुमचंच शिकवणं दिसते, मास्तर. आज बादली, उद्या काय?"

तेवढ्यात सारजाआजी पुढे आली. "माह्या सुनेले नाल्याच्या पाण्यानं ढाळ लागले. काढू द्या बे त्याले!"

कुणी अडवलं नाही. उकर्डा वर चढला, बादली सोडली, ओढली आणि तांब्याभर पाणी सगळ्यांकडे पाहत प्यायला.

"उकर्डा, आता तुले लेकरं होत नाहीत बे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सात हायेत. पुरे!"

त्या दुपारी गल्लीगल्लीत डफडं वाजलं. "म्या पेलं हो! म्या पाह्यलं!" संध्याकाळी विहिरीवर घागरी आल्या. आजीची सून वाचली. काही घरं मात्र नाल्याचंच पाणी भरत राहिली, आणि ती पावडरीमुळे नव्हे. त्या दिवसापासून मी उकर्डाजींना अहोजाहो करू लागलो.

पुढे माझी बदली मेहकरला झाली. गेल्या महिन्यात उकर्डाजी गेल्याचा निरोप आला. निरोप चुकीचा असेल, असं मी एसटीत स्वतःला सांगत होतो. गावात शिरलो तेव्हा त्यांचा पुतण्या तेच डफडं घेऊन फिरत होता. "उकर्डा कोतवाल गेले हो!" त्यानं अखेरची थाप मारली. बायका दारात तशाच उभ्या. सगळे थांबले.

"म्या पाह्यलं."

तेव्हा कुठे बायका दारातून हलल्या. मीही.