गाडीत कोण बसतं?

गाड्यांच्या स्प्रिंगा बदलणाऱ्या त्या मेस्त्रीला सगळी गल्ली 'भट्टी' म्हणायची, अगदी तोंडावर. त्यावरही तो चिडायचा. गंजलेल्या नटावर चिडायचा, लवकर आलेल्या गिऱ्हाइकावर चिडायचा आणि उशिरा आलेल्यावर तर विचारूच नका. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण काम चोख, म्हणून लोक बोलणी खाऊनही त्याच्याकडेच यायचे.

त्यातले बरेचसे हौशी. आखूड स्प्रिंगा बसवून स्पोर्ट्स कार जमिनीला टेकवायची, हे त्यांचं वेड. भट्टीचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाडीत कोण बसतं?" बायको बसत असेल तर तिला आणा, म्हातारे वडील बसत असतील तर त्यांना आणा. सगळ्यांना आत बसवून तो चाकावरची फट मोजायचा, आणि त्याशिवाय स्प्रिंगेला हात लावायचा नाही. "रिकामी गाडी काय, रिकामं डोकंही हलकंच असतं!" असं खेकसायचा.

एक दिवस त्याचा धाकटा भाऊ पिवळी दोन दारांची गाडी घेऊन आला, आणि भट्टीचं डोकंच फिरलं. वडिलांच्या मागे दोघांनी मिळून हे वर्कशॉप चालवलं होतं. मग धाकटा काचेच्या शोरूममध्ये नोकरीला गेला. "साहेबांना काळ्या हातांची लाज वाटली," असं भट्टी त्याच्यामागे गावभर सांगत फिरला होता. तेव्हापासून बोलणं बंद.

"दादा, मागची स्प्रिंग तुटलीय," धाकटा म्हणाला. "चारही बदलायच्यात. जमलं तर थोडी खाली करू. कोणत्या घेऊ, तूच सांग."

भिंतीवर दोन संच टांगले होते. राखाडी स्प्रिंगा गाडीला जेमतेम बोटभर खाली आणायच्या, चालही मऊ राहायची. लाल म्हणजे पार जमिनीला पोट, आणि दगडासारख्या कडक. धाकटा शेजारच्या सीटच्या दारावर हात ठेवून उभा होता, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखा.

"लाल," भट्टी म्हणाला.

"नक्की?"

"मला विचारायला आलास ना? मग लाल!"

लाल स्प्रिंगा त्याने स्वतः बसवल्या, प्रत्येक नट नीट आवळून. आता प्रत्येक खड्ड्यात कंबर मोडू दे, साहेबाला भाऊ आठवू दे! आवळताना त्याला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं.

आई राहायची बहिणीकडे. भट्टी एरवी कामाच्या दिवशी संध्याकाळी जायचा, पण त्यानंतरच्या रविवारी कपाटाचं दार निखळलं म्हणून बहिणीने बोलावलं. गेला तर दारात पिवळी गाडी. धाकटा खाली वाकून आईच्या काखेत हात घालून तिला बाहेर ओढत होता. तिचा गुडघा काही केल्या सरळ होत नव्हता.

"ही गाडीत काय करतेय?" भट्टी ओरडला.

"दर रविवारी तलावावर नेतो तिला," बहीणही तडकली. "तुला कोण सांगणार? धाकट्याचं नाव काढलं की ताटावरून उठतोस!"

आई कशीबशी उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून हसली. "आज फार हादरे बसले रे. म्हटलं, पुढच्या रविवारी नको. पण हा म्हणतो, स्प्रिंगा दादाने निवडून दिल्यात. मग म्हटलं, त्याने माझा विचार करूनच दिल्या असतील. होईल सवय."

भट्टीच्या कानशिलांत रक्त चढलं. राग आला होता, पण या वेळी तो काढावा असं समोर कोणी नव्हतं. सवयीने तो धाकट्यावरच धावून गेला.

"गाढवा! आई बसते हे आधी नाही सांगता आलं?"

धाकट्याने गाडीचं दार लावलं.

"सगळ्या गावाला विचारतोस, दादा," तो म्हणाला. "मी दाराशी उभा होतो. मला नाही विचारलंस."