धुऱ्यावरून काढलेला फोटो

मंडळी, नखांतला चिखल अजून निघाला नाही, तोवर लिहून टाकते.

मस्कतची नर्सची नोकरी सोडून मी सानगडीला कायमची परत आले, असं सगळ्यांना सांगितलंय. आज आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, रोवणी होती. बायका ओळीनं वाकून धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, रोवत होत्या. इतकं छान दिसत होतं, की मी धुऱ्यावरून, बांधावर उभी राहून, फोटो काढला.

सगळ्यांचे हात थांबले.

बाबा गेल्यापासून ही बांधी काकाच करतात. ते तिथूनच ओरडले, "फोटो कायले काढून राहिली वो? विकाची हाय का?"

डोकं सणकलं माझं. मग आठवलं, शेजारचं वावर असंच गेलं. मालक परदेशातून आला, त्यानं फोटो काढले आणि मागोमाग दलाल आले.

मी फोन ठेवला, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरले. काकूनं पऱ्ह्यांची पेंडी हातात दिली. माझी ओळ वाकडीतिकडी गेली, बायका पोट धरून हसल्या. वाटलं, चला, मिटलं.

तेवढ्यात काकूनं हळूच विचारलं, "कापणीले राहशीन नं?"

"राहीन नं," मी म्हटलं.

खरं म्हणजे मी राजीनामा दिलेलाच नाही. बिनपगारी रजेवर आहे आणि ती कापणीआधीच संपते.

काकूची सून फेसबुकवर आहे, म्हणजे उद्या घरी कळेलच. त्याआधी मी काकूला काय सांगू? रजा आहे म्हणून, की आज रात्रीच राजीनामा पाठवून, तो दिला म्हणून?