गारांचा डबा

आमच्या मामासासऱ्यांएवढा पुराव्याचा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही, आणि पुराव्यापायी एवढा नाडला गेलेला माणूसही. आंबा आंबट निघाला, तर त्याची कोय धुऊन-पुसून पुढच्या बाजारी ते आंबेवाल्यापुढे ठेवणार. दाढ काढली ती काडेपेटीत घालून वर तारीख लिहिली; उद्या डॉक्टर म्हणाला, मी काढलीच नाही, तर? माझ्या लग्नात तर आहेराचं पाकीट देऊन मांडवातच पोच मागितली. मी हसलो, तसे म्हणाले, "जावईबापू, सही करा. कधी लागंल सांगता येत नाय." मुंडावळ्या सावरत मी सही केली.

पण हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं कोणी? काही वर्षांपूर्वी गारपिटीनं त्यांची द्राक्षबाग झोडपली, आणि सरकारी मदतीच्या यादीत गावाचं नावच नाही! का, तर पाऊस मोजायचं यंत्र शेजारच्या गावात, आणि तिथं त्या दिवशी लख्ख ऊन. यंत्र म्हणतं गारा पडल्या नाहीत, म्हणजे नाहीतच पडल्या. इथं घड मातीत लोळताहेत आणि ह्यांच्या कागदावर ऊन! अरे, आभाळ काय तुमच्या यंत्राला विचारून फाटतं?

म्हणून गेल्या फाल्गुनात पुन्हा गारा कोसळल्या, तेव्हा सगळं गाव कपाळाला हात लावून बसलं आणि मामा डोक्यावर घमेलं धरून बागेत धावले. लिंबाएवढ्या गारा वेचून स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा थेट फ्रीजरमध्ये. "पंचनाम्याला येतील त्यांना दाखवतो. आता कोण नाय म्हणतंय बघू." मामींचा मटार बाहेर आला. "लोकांच्या फ्रीजात आइस्क्रीम असतं, माझ्या फ्रीजात आभाळ भरलंय, बाई!" वीज गेली की मामा फ्रीजवर गोधडी टाकत आणि समोर राखण करत बसत. पंचनाम्याचा माणूस फोनवर रोज "उद्या येतो" म्हणे. तोवर बागेला हात लावायचा नाही, असा वर हुकूम! फुटके मणी वेलीवरच नासले, आंबूस वास घरात यायला लागला. उद्या-उद्या करता बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून मामा माझ्या मोटरसायकलवर बसले. दहाला आम्ही कचेरीत. साहेब बैठकीत. मग जेवायला. मग परत बैठकीत. मी शिपायाशी दोनदा भांडलो. मामा मांडीवर डबा घेऊन बाकावर, सारखा हात लावून बघताहेत. तीनला आत बोलावलं. साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "तुमच्याकडे गारपिटीची नोंद नाही. काही पुरावा आहे का?"

ह्याच प्रश्नाची मामा इतकी वर्षं वाट पाहत होते. त्यांनी ऐटीत झाकण उघडलं.

"हे तर पाणी आहे," साहेब म्हणाले.

"दहाला आलो तव्हा गारा होत्या, साहेब."

साहेब हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा मात्र शांत. "बरं, पाणी तर पाणी. आणून दाखवल्याची पोच द्या." पोच कसली मिळते! पंचनामा झाला नाही, यादीत नाव लागलं नाही. येताना मामांनी तो डबा थेंबही न सांडता घरी आणला.

परवा आम्ही गावी होतो. दुपारीच अंधारून आलं आणि पत्र्यावर ताडताड गारा वाजू लागल्या. मी मामांकडे पाहिलं, तर ते पायरीवरून हलले नाहीत. "जाऊ द्या, जावईबापू. ठिवून दाखवायच्या कोणाला?"

पुराव्याच्या माणसाच्या तोंडून हे! तेवढ्यात आतून खडखडाट ऐकू आला. मामी फ्रीजर रिकामा करत होत्या. मटाराच्या पिशव्या भराभर जमिनीवर पडत होत्या. मग तोच स्टीलचा डबा पदरानं पुसत त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तो मामांच्या हातात दिला.

"उठा," त्या म्हणाल्या. "कधी लागंल सांगता येत नाय."