आजून वायच

"आजून वायच घे गो, पोट काय लोकाचा आसा?" असं म्हणत, म्हणजे ‘थोडंसंच’ म्हणत, अख्खी पळी पानावर उपडी करायची, हा आमच्या आचारी काकांचा जन्माचा खाक्या. पंगतीत तुम्ही पानावर आडवा हात धरलात, तर बोटांच्या फटीतून खीर ओतायचे! असा एखादा आचारी तुम्हीही पाहिला असेल.

गुडघे कुरकुरायला लागले तसे ते आमच्या दवाखान्यात स्वयंपाकाला आले. मी तिथे कुपोषित मुलांच्या वॉर्डात नर्स. आमचं शास्त्र नेमकं उलटं. उपासमारीने आतडी इतकी दुबळी होतात की एकदम पोटभर दिलं तर ती सोसत नाहीत. म्हणून दर दोन तासांनी मोजकं दूध, वाटीच्या तळाशी. ते पाहून पहिल्याच दिवशी काका माझ्यावर डाफरले, "सिस्टर, मांजराक तरी पुरतला काय ह्या?"

पण शिकले हो. स्वतः चमच्याने पाजायला लागले.

मग कुणकेश्वरकडे आंब्याच्या बागेत कामाला आलेल्या बाईची दोन वर्षांची पोर आली. पोट फुगलेलं, पायांच्या काड्या, जुलाब थांबेनात. रडायचंही त्राण नाही. चौथ्या दिवशी दुपारी दूध संपलं, तर तिने काकांचं बोट धरून चाटलं. आणि हसली. काका विरघळलेच. पेजेची भरली वाटी घेऊन आले. "आजून वायच, गो बाये." मी दारातून बघत होते. थांबवायला हवं होतं, मला कळत होतं. पण ती पहिल्यांदाच हसत होती हो!

संध्याकाळी जुलाब वाढले, पोट ताठरलं. सकाळी पोर गेली.

डॉक्टर म्हणाले, कदाचित तशीही वाचली नसती. काका ऐकत ती वाटी घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, तुमी माका थांबवक होया होता." महिनाअखेर त्यांनी काम सोडलं.

परवा बांद्याला एका लग्नात ते वाढताना दिसले. एकेक पळी वाढायचे नि मुकाट्याने पुढे सरकायचे. शेजारची बाई कुजबुजली, "हेंचो हात आखडलो वाटता."

माझ्या पानाशी आले. मी हात आडवा धरला नव्हता. भरलेली पळी तशीच वर धरून त्यांनी विचारलं, "सिस्टर, घालू काय?"

त्या दुपारी दारातून बघत होते, तशीच मी त्या पळीकडे बघत राहिले.