पोहोचल्याचा फोन

तारापूरच्या मच्छीमार आळीत नामदेव तांडेलांइतका टापटिपीचा माणूस दुसरा सापडायचा नाही. उभा जन्म बोट हाकली. मासळी उतरली की फळी न् फळी धुऊन काढायची, ही सवय बोट पुतण्याकडे गेली तरी सुटली नाही. बायको होती तोवर तिच्या हातातला झाडू ओढून घ्यायचे. ती गेल्यावर तर घर म्हणजे दुसरी बोटच झाली.

अशा माणसाकडे मुलगी सपना नाशिकहून दोन पोरं घेऊन आली म्हणजे काय होणार! हर्षित आणि धाकटी जागृती, दोघांनी किनाऱ्यावरची निम्मी वाळू घरात आणली. शेंगा फोडल्या, सालं जिथल्या तिथं. आजोबा दिवसभर झाडू घेऊन "अरे राक्षसांनो!" करत त्यांच्या मागे. मग एका सकाळी जावयाची गाडी मनोरच्या रस्त्याला लागली आणि घर एवढं गप्प झालं, की भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा राग यावा.

आता, माणूस गावाला निघालं की ते पोहोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही आपली जुनी रीत. नामदेवांनी ती पाळली. कडेकडेनं चालले, दारात बसून चहा प्याले. दुपारी सपनाचा फोन आला, "बाबा, पोचलो हां सुखरूप." "बरं झालं," म्हणाले आणि झाडू उचलला. दारापाशी जागृतीच्या ओल्या पावलांचे वाळूचे ठसे वाळले होते, चिमुकले, बोटांसकट. अहो, वादळाला न भ्यालेला माणूस तो, पण हात पुढे जाईना. पोरांची आठवण येत होती, भयंकर येत होती. पण कबूल कोण करणार? झाडू परत कोपऱ्यात गेला.

संध्याकाळी शेजारची बायडी सुके बोंबील द्यायला आली, ती उंबऱ्यावरच थबकली.

"अगो बाय! दादा, हा उकिरडा काय? बरं नाय वाटत का? आणा झाडू, मी काढते."

"हात लावू नको!" नामदेव ओरडले. मग सारवासारव करत म्हणाले, "पोरं पोचल्याचा फोन नाय आला अजून."

थाप एवढीशी. पण बायडीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ह्यांना सुचू नये म्हणजे कमाल झाली! दिवेलागणीला निम्मी आळी अंगणात हजर. कोणी जव्हारच्या घाटातली वळणं मोजतोय, कोणी देवाला नारळ बोलतोय. नामदेव आपले मान खाली घालून बसलेले. शेवटी बायडीच्या मुलानं, अंकुशनं, सरळ सपनालाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अरे, आमी दुपारीच पोचलो! बाबांशी बोलले ना मी!"

सगळ्यांचे डोळे नामदेवांवर. बायडी हळूच म्हणाली, "विसरले गो, दादा विसरले."

सपनाचा आवाजच बदलला. "बाबा? आपण बोललो ते आठवत नाय तुमाला? हे बघा, मी उद्या येते. आता एकटं राहायचं नाय. कुलूप लावा आणि नाशिकला चला."

झाली पंचाईत! खरं बोलावं तर आळीसमोर हळवा म्हातारा ठरायचं. गप्प बसावं तर विसरभोळा ठरून समुद्र सोडायचा आणि नाशिकात चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचं. बायको गेली तेव्हासुद्धा ह्या माणसानं चारचौघांत डोळे पुसले नव्हते.

"विसरलो नाय," ते म्हणाले. "खोटं बोललो मी. झाडायचं नव्हतं मला. झाडलं की तुमी खरंच गेलात. पोरांची वाळू हाय घरात, जरा राहू दे म्हटलं."

कोणी हसलं नाही. बायडीनं पदर डोळ्यांना लावला. आता पोरगी ओरडणार, म्हणून नामदेव वाट बघत राहिले.

"मग राहा तुमी तिथंच," सपना म्हणाली. "बाबा, मी पण अजून बॅग उघडली नाय. पोरांच्या कपड्यांना आपल्या घरचा वास हाय. धुवायला टाकवत नाय."